पाच मिलिग्रॅमची भीती

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशातल्या गावांत लेकी माहेरी यायला लागतात. निंबाला झोके बांधले जातात, चुलीवर खापर चढतं. या लेकींमध्ये एखादी पाचव्या-सहाव्या महिन्याची गरोदर असते. तिच्या पिशवीतल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना कुणी काही म्हणत नाही. पण तिला आमवात आहे, त्यासाठी ती रोज सकाळी प्रेडनिसोलोनची एक बारीक गोळी घेते आणि ती गोळी ‘स्टेरॉईड’ आहे, एवढं कळलं की ओट्यावर जरा शांतता पसरते. मग कुणीतरी मोठी बाई विचारते, ‘पोटमा लेकरू शे, आते ह्या गोया कसाले?’

प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याची उत्तरं अर्धी-मुर्धी मिळतात. डॉक्टर गर्दीत ‘चालतं, घ्या’ म्हणतात. मेडिकलवाला ‘जपून हं’ म्हणतो. शेजारची जाऊबाई कुणाचं तरी तोंड कसं सुजलं ते सांगते. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं, आणि त्या तिन्हींच्या मध्ये सापडलेली मुलगी चौथ्या दिवशी गोळी आपणहून बंद करते. या सगळ्या प्रकरणात सर्वांत धोक्याचं पाऊल तेच. स्टेरॉईडची भीती बाळगायलाच हवी, पण ती कुठे बाळगायची हे नेमकं कळायला हवं.

आधी आजाराकडे बघू, कारण गोळीला घाबरणारी माणसं आजाराला घाबरत नाहीत. ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. बोटांची पेरं, मनगटं, पावलांचे सांधे दोन्ही बाजूंना सारखे सुजतात आणि सकाळी तासभर तरी आखडलेले राहतात. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीनपट जास्त होतो आणि अनेकींना नेमका मुलंबाळं होण्याच्या वयात गाठतो. गरोदरपणी तो धगधगता राहिला तर फक्त आईच हाल सोसते असं नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची आणि कमी वजनाचं असण्याची शक्यताही वाढते. म्हणजे औषध घेतलं नाही तर धोका शून्य, असा हिशेब इथे लागत नाही. दोन धोके असतात, त्यातला लहान निवडायचा असतो.

आता एक गंमत, आणि ती ओट्यावर सांगण्यासारखी आहे. स्टेरॉईड हे औषध सापडलं त्यात गरोदर बायकांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. कावीळ झाली की काही रुग्णांचा आमवात उतरतो, हे त्यांनी १९२९ पासून टिपून ठेवलं होतं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की दिवस गेल्यावर बायकांचेही सांधे मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर दुखणं परत येतं. शरीरात त्या काळात काहीतरी तयार होत असणार, असा तर्क त्यांनी बांधला. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून निघणारी द्रव्यं वेगळी करत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांपैकी एक द्रव्य आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला टोचलं गेलं, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. गरोदरपणात आमवात का उतरतो याचं हेंच यांनी मानलेलं कारण पुढे अपुरं ठरलं. बाळाचे निम्मे गुणधर्म ‘परके’ असूनही त्याला सांभाळण्यासाठी आईची संरक्षणयंत्रणा स्वतःला मवाळ करते, तिचा यात मोठा हात असतो. पण चुकीच्या तर्कावरून औषध मात्र खरं हाती आलं.

दिवस गेल्यावर दुखणं कमी होतं हे खरं असलं तरी ते सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. जुनी पुस्तकं चारांतल्या तिघींना आराम पडतो असं म्हणत. अलीकडच्या काटेकोर पाहण्यांत हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर येतं. ज्यांच्या रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही आमवाताची दोन्ही प्रतिपिंडं नसतात त्यांना आराम पडण्याची शक्यता अधिक. उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी प्रेडनिसोलोन.

ही गोळी बाळापर्यंत किती पोचते, हा कळीचा मुद्दा. वारेमध्ये एक विकर (एन्झाइम) असतं. ते आईच्या रक्तातल्या प्रेडनिसोलोनचं रूपांतर निष्क्रिय प्रेडनिसोनमध्ये करत राहतं. त्यामुळे आईच्या रक्तात जेवढं औषध असतं त्याचा साधारण दहावा हिस्सा बाळाकडे जातो. डेक्सामेथासोन आणि बेटामेथासोन या दोन स्टेरॉईडांवर मात्र हे विकर फारसं चालत नाही. ती वार ओलांडून बाळाकडे सरळ पोचतात. म्हणूनच वेळेआधी कळा येण्याची चिन्हं दिसली की २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आईला मुद्दाम त्यांचं इंजेक्शन देतात. सरकारी दवाखान्यात डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, असे चार डोस. तिथे औषध बाळाकडे जायलाच हवं असतं, त्याची फुप्फुसं पिकावीत म्हणून. आईच्या सांध्यांसाठी महिनोन्महिने तेच औषध घेणं ही वेगळी गोष्ट झाली, आणि ती चुकीची.

म्हणून पाकिटावरचं नाव वाचायचं. स्टेरॉईड म्हणजे एकच औषध, असं गावात धरलं जातं, आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे बेटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची स्वस्त गोळी अंगाला खाज सुटण्यापासून दम लागण्यापर्यंत कशालाही दिली जाते. ‘तुमची कंपनी संपलीय, ही पण स्टेरॉईडचीच आहे’ असं म्हणून काउंटरवरून ती हातात पडू शकते. ताकदीचा हिशेबही वेगळा असतो. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकोर्ट ६, हायड्रोकॉर्टिसोन २० आणि डेक्सामेथासोन पाऊण मिलिग्रॅम. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, ही समजूत इथे उलटी पडते. गरोदरपणासाठी निवड प्रेडनिसोलोनची. दुसरं काही चालू असेल तर ते बदलून घेण्याविषयी विचारावं. कंपनी बदलली तरी चालेल, आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच हवेत.

यापेक्षा वाईट असते ती बिननावाची पुडी. जत्रेत, बाजाराच्या दिवशी, ओळखीच्या कुणाकडून येणारी ‘शंभर टक्के जडीबुटी’, जिने दोन दिवसांत सांधे मोकळे होतात. कोणतंही झाडपाल्याचं औषध वर्षानुवर्षं आखडलेलं मनगट दोन दिवसांत सोडवत नाही. अशा पुड्यांमध्ये दळलेलं डेक्सामेथासोन आणि वेदनाशामक निघाल्याचं देशभर वारंवार उघड झालं आहे. पाकिटावर छापलेल्या ५ मिलिग्रॅमला भिणारं घर ही पुडी मात्र निर्धास्तपणे मधातून चाटवतं.

मात्रा किती? आमवातासाठी गरोदरपणात शक्य तितकी कमी: रोज ५ मिलिग्रॅमवर भागलं तर उत्तम, साडेसातपर्यंत सहसा निभावतं. दहाच्या वर दीर्घकाळ राहावं लागत असेल तर आजार स्टेरॉईडच्या आवाक्यात नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा आणि गरोदरपणात चालणारं दुसरं औषध जोडायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालतं आणि ते बंद करू नये. सल्फासालाझिन दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालतं, मात्र सोबत फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं हवं. अझाथायोप्रिनही चालतं. एकच गुडघा किंवा एकच मनगट अडून बसलं असेल तर त्याच सांध्यात इंजेक्शन देता येतं. सगळ्या अंगाला औषध पाजण्यापेक्षा ते बरं.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर, आठच्या सुमारास घ्यावी. शरीर स्वतःचं स्टेरॉईड पहाटे-सकाळीच सर्वाधिक सोडतं, त्या तालाशी ते जुळतं आणि रात्रीची झोपही उडत नाही. रात्री जेवणानंतर घेतलेली गोळी आणि ‘मला दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही’ ही तक्रार यांचा संबंध बऱ्याचदा कुणी जोडतच नाही. पाण्यात विरघळणारी गोळी असेल तर मळमळीच्या महिन्यांत ती सोयीची. वर कवच असलेली गोळी मात्र मोडून अर्धी करू नये.

आता बाळाच्या व्यंगाविषयी, कारण सासू-सुनेच्या मनात खरा प्रश्न तोच असतो. पहिल्या तिमाहीत स्टेरॉईड घेतल्याने दुभंगलेला ओठ किंवा टाळू होण्याचं प्रमाण वाढतं, असं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. एरवी हे व्यंग साधारण हजारात एका बाळाला असतं. त्या अभ्यासांच्या हिशेबाने ते हजारात तीनच्या आसपास जाई. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत ही वाढ फारशी दिसली नाही. टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो, म्हणजे चौथ्या महिन्यात घाबरून गोळी टाकण्याने या बाबतीत काहीच साधत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ नीट दिसतो. एकट्या टाळूची फट मात्र सोनोग्राफीत सहज दिसत नाही, ती जन्मानंतर तोंडात बोट घालून आणि उजेड टाकून बघावी लागते.

खरी घबराट जिथे असायला हवी ती औषधं वेगळीच आहेत. आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट हे गर्भाला घातक आहे. दिवस राहण्याच्या एक ते तीन महिने आधी ते थांबवायचं. लेफ्लुनोमाइड तर अंगात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतं. ते घेतलेल्या बाईला कोलेस्टायरामीन ८ ग्रॅम दिवसातून तीनदा, अकरा दिवस देऊन ते बाहेर काढावं लागतं आणि रक्तात तपासावं लागतं. म्हणून लग्नाच्या बोलाचालीत आजार लपवायचा आणि लग्नानंतर ‘पाहू’ म्हणायचं, या आपल्याकडच्या रीतीची किंमत मोठी असते. दिवस राहण्याआधी निदान तीन ते सहा महिने आजार शांत, आणि तोही चालणाऱ्या औषधांवर शांत, हे गणित नवऱ्याला ठाऊक असल्याशिवाय जमत नाही. त्यातून, पेटलेला आमवात आणि साडेसात मिलिग्रॅमच्या वरचं स्टेरॉईड या दोहोंनी दिवस राहायलाच वेळ लागतो, आणि त्याचा दोष पुन्हा तिच्याच माथी येतो.

अशी दुसरी गोळी दुखण्याची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या खान्देशातल्या प्रत्येक किराणा-मेडिकलच्या फडताळात असतात आणि त्यांना कुणी स्टेरॉईड म्हणत नाही, म्हणून त्या निरुपद्रवी वाटतात. विसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, आणि तिसाव्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधीच मिटू शकते. स्टेरॉईडसोबत घेतल्या तर आईच्या जठरात व्रण होण्याचा धोका वेगळा. दुखलं तर पॅरासिटामॉल. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन टाकून देऊन रोज दोन डायक्लोफेनॅक घेणारी गरोदर बाई जास्त सुरक्षित झाली, असं मानणं फार महागात पडू शकतं.

मग स्टेरॉईडचे स्वतःचे उपद्रव काय? पहिला, आणि आपल्या भागात सगळ्यांत त्रासदायक, साखर. आपल्याकडे गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, उपाशीपोटी असो वा जेवून, आणि बरोबर दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आली तर मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती चाचणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. स्टेरॉईड घेणारीच्या बाबतीत एक खोच आहे. सकाळच्या गोळीचा साखरेवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी चढतो, रात्रीत ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर ८५ येते आणि सगळे निश्चिंत होतात, तर दुपारच्या जेवणानंतरची १६० असते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली साखर १२० च्या आत हवी. उपाशीपोटीची ९५ च्या आत.

आणि नेमकं आखाजीलाच आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. माहेरी आलेल्या लेकीला ‘एकच खा’ म्हणणारी आई खान्देशात अजून जन्माला यायची आहे. त्यावर बंदी घालण्यापेक्षा जागा बदलावी: पोळीचा चतकोर आणि वाटीभर रस सकाळच्या जेवणात, डाळ-उसळीसोबत, दुपारनंतर नाही. रोजच्या जेवणात कळण्याची भाकरी हा आपला मोठा आधार आहे, ज्वारीत उडीद दळलेले असल्याने ती गव्हाच्या चपातीपेक्षा हळू उतरते आणि प्रथिनंही देते. वरणबट्टी मात्र फसवते. तुपात भिजलेल्या चार बट्ट्या म्हणजे गव्हाचा केवढा गोळा, हे ताटात कळत नाही. केळ्यांच्या मुलखात केळं पूर्ण तोडा असं सांगून कुणी ऐकणार नाही. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. मधल्या वेळी अर्धं केळं आणि मूठभर शेंगदाणे, हे निभावतं. मीठ हा त्याहून लपलेला शत्रू. स्टेरॉईड शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, आणि आपल्या ताटात शेवभाजी, बिबड्या, पापड, लोणचं, ठेचा यांची रांग लागलेली असते.

त्यातूनच दुसरा उपद्रव, रक्तदाब. इथे तोंड सुजणं फसवतं. स्टेरॉईडने चेहरा गोल होतो, आणि गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबानेही चेहरा सुजतो. आरशात बघून दोन्हींत फरक कळत नाही, यंत्रानेच कळतो. १४०/९० किंवा वर आला, डोकं सतत ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, तर ‘गोळीची सूज आहे’ म्हणून घरी बसू नये.

जंतुसंसर्गाचंही तसंच. स्टेरॉईड ताप दाबतं. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यू फिरत असताना अंग मोडून आलंय पण ताप नाही, म्हणून तपासणी टाळू नये. लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी तपासणी. हाडांसाठी कॅल्शियम सरकारी दवाखान्यातून मिळतं: ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत. लोहाची गोळी तिच्यापासून दोन तास लांब आणि चहापासूनही लांब, नाहीतर दोन्ही वाया.

अहवाल वाचतानाही एक सावधगिरी हवी. ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, गरोदरपणात आपोआपच वाढतो. ईएसआर ५० आला म्हणून आजार पेटला असं धरून मात्रा वाढवणं हा नेहमीचा गोंधळ. सीआरपी ही दाहाचीच दुसरी रक्तचाचणी आणि सुजलेल्या सांध्यांची मोजणी यांवर भरवसा ठेवावा. सातव्या महिन्यात हातांना मुंग्या येतात त्या पुष्कळदा मनगटातली नस दबल्याने, आमवाताने नव्हे. तिथे रात्री मनगटाचा पट्टा पुरतो.

नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात, आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो: हा आमवातच आहे ना? भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि त्यातही हाडं-सांधे भयंकर दुखतात. सिकलसेलच्या रुग्णाला सांधेदुखी म्हणून स्टेरॉईड दिलं तर दुखण्याची उबळ भडकू शकते. बोटातल्या थेंबभर रक्ताची प्राथमिक चाचणी गावपातळीवर होते. स्टेरॉईड सुरू करण्याआधी ती झालेली असावी. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सुजलेले सांधेही हुबेहूब आमवातासारखे दिसतात.

आता त्या चौथ्या दिवसाकडे, जेव्हा ती गोळी आपणहून बंद करते. रोज बाहेरून स्टेरॉईड मिळू लागलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम कमी करतात. वाड्यात रोज टँकर यायला लागला की विहिरीकडे कुणी बघत नाही, तिच्यात गाळ साचतो. टँकर अचानक थांबला तर त्याच सकाळी विहिरीला पाणी लागत नाही. तीन आठवड्यांहून जास्त ५ मिलिग्रॅम किंवा अधिक घेतलेल्या व्यक्तीने गोळी एकदम तोडली तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, चक्कर आणि टोकाला जीवावरचा प्रसंग ओढवू शकतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात आलेली अशी गळती ‘ऊन लागलं’ म्हणून कांद्याच्या रसावर काढली जाते, आणि त्यात मोलाचे तास जातात. मात्रा उतरवायची तर पायरीपायरीने: दहावरून साडेसात, दोन ते चार आठवडे थांबून पाच, आणि पाचच्या खाली आणखी सावकाश.

उलट्यांच्या महिन्यांसाठी घरातल्यांनी हे पाठ करावं. गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यायची. तीही पडली, तर दवाखाना, आणि तिथे पहिल्याच वाक्यात ‘ही रोज स्टेरॉईड घेते’ हे सांगायचं, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायला वेळ लागणार नाही. कडक ताप आला तर मात्रा तात्पुरती किती वाढवायची, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच फाईलवर लिहून घ्यावं. ताप रात्री दोनला येतो आणि डॉक्टर तेव्हा फोन उचलतीलच असं नाही.

सांधेवाताचे तज्ज्ञ खान्देशात हाताच्या बोटांवर मोजावे इतके. त्यासाठी नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नंदुरबारकडून सुरत, अशा फेऱ्या होतात. बाळंतपण मात्र माहेरच्या तालुक्यात. या दोन डॉक्टरांची गाठ फक्त फाईलमध्ये पडते, म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, केव्हापासून चालू आहे आणि आजवरची सर्वांत जास्त मात्रा ठळक लिहिलेली असावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानात स्त्रीरोगतज्ज्ञ मोफत तपासतात आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो लागला म्हणून खजील व्हायचं कारण नाही. रात्री १०८ मधून उतरल्यावर तो लाल ठिपका दहा वाक्यांचं काम करतो.

कळा सुरू झाल्या तरी सकाळची गोळी चुकवायची नाही. ‘सिझर आहे, पोट रिकामं ठेवा’ म्हटलं की गोळीही राहते. घोटभर पाण्यासोबत ती घेता येते का, हे भूलतज्ज्ञांना विचारावं. रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्या बाईला कळांदरम्यान दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूत देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, बाळ झाल्यावर सहा तासांपर्यंत. कमी मात्रेवर असलेल्या बाईला सरळ प्रसूतीत त्याची गरज नाही असंही काही तज्ज्ञ मानतात. मतभेद असू द्यावा, पण निर्णय प्रसूतीच्या खोलीत घाईत होऊ नये, नवव्या महिन्यात व्हावा. भूलतज्ज्ञाला आणखी एक सांगायचं: मान. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि पूर्ण भूल देताना मान मागे वाकवणं धोक्याचं ठरतं. आणि खुब्याचे सांधे फाकत नसतील, तर कुशीवर बाळंत होता येतं.

बाळाला सहसा काही होत नाही. आई २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्याची साखर आणि सुस्ती यांवर लक्ष ठेवतात. दुधात प्रेडनिसोलोन फार थोडं उतरतं; २० मिलिग्रॅमपर्यंत कसलीही वेळ पाळायची गरज नाही, त्याहून जास्त असेल तर गोळीनंतर चार तासांनी पाजावं. बीसीजी आणि पोलिओचे थेंब नेहमीप्रमाणे द्यायचे. अपवाद एकच, आणि तो आपल्याकडे हमखास निसटतो: आईने शेवटच्या तिमाहीत ॲडालिमुमॅबसारखं, संरक्षणयंत्रणेला आवर घालणारं जैविक इंजेक्शन घेतलं असेल, तर बाळाला बीसीजी आणि रोटाव्हायरस पहिल्या सहा महिन्यांत द्यायचे की नाही हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. बीसीजी जन्मल्या दिवशीच टोचतात, त्यामुळे ही गोष्ट प्रसूतीआधी सांगितली नाही तर सांगायला वेळच उरत नाही.

खरी कसोटी नंतर. पहिल्या तीन महिन्यांत आमवात उलटतो, पुष्कळदा दिवस भरताना अगदी शांत असलेलाही. सव्वा महिना होतो, तेल-शेक थांबतो, लेक सासरी परतते, आणि त्याच सुमारास मनगटं सुजतात. बाळाला काखेत हात घालून उचलणं तेव्हा सगळ्यांत वाईट, कारण सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी येतो. हात खालून घालून, मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर उचलावं आणि पाजताना बाळाखाली दोन उशा घ्याव्यात. रात्रीचं पाजणं कुशीवर. सकाळी हात मोकळे होईपर्यंत अंघोळ घालणं दुसऱ्या कुणीतरी उरकावं. सासूबाई आनंदाने करतात, मागून बोलल्या तरी. उलटलेल्या दुखण्यात स्टेरॉईड काही आठवड्यांसाठी वाढवावं लागलं तर ते पराभवाचं लक्षण नव्हे, पण त्याच भेटीत पुढचं औषधही ठरायला हवं. अंगावर पाजणं चालू असेपर्यंत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन चालतात. निरोगी, दिवस भरलेल्या बाळाच्या बाबतीत जैविक इंजेक्शनंही. मेथोट्रेक्सेट चालत नाही. ते परत सुरू करायचं ठरलं तर आधी दूध तोडायचं, आणि त्याच्याही आधी तांबी बसवून घ्यायची.